स्वीडनांतील भाड्याचें घर

स्वीडनच्या उत्तर भागांतील एखाद्या लहान गांवीं बिऱ्हाड करूं पाहणाऱ्या परकी गृहस्थास प्रथम आश्चर्य वाटतें तें हें कीं, ज्याच्याशीं भाड्याची घासाघीस करावी असा मालकच पुष्कळदां समोर येत नाहीं. तेथील बरींचशीं भाड्याचीं घरें नगरसभेनें स्थापन केलेल्या गृहसंस्थेच्या मालकीचीं असतात. संस्थेच्या यादींत नांव घालावें आणि पाळी येईतों वाट पाहावी, हाच राजमार्ग. मुंबईकरांच्या परिचयाच्या पागडीस मात्र तेथें थारा नाहीं. घराच्या कराराबद्दल पैसे उकळणें हा गुन्हा पूर्वींपासूनच होता; २०१९ सालापासून पैसे देणाराही गुन्हेगार ठरूं लागला.

भाडें ठरविण्याची रीत तर अधिकच निराळी. १९४२ मध्यें, महायुद्धाच्या धामधुमींत, सरकारनें भाड्यांवर नियंत्रण घातलें. पुढें १९६८ च्या कायद्यानें ‘उपयोगमूल्या’चें तत्त्व आणलें. घर बांधण्यास खर्च किती आला हें न पाहतां, त्यांत राहणाऱ्यास सोय किती मिळते हें पाहावयाचें! आंकडा ठरतो तो बहुधा घरमालक व १९२३ मध्यें स्थापन झालेला भाडेकरूंचा संघ यांच्या वाटाघाटींतून. घर उबदार ठेवण्याचा खर्च बहुतेक ठिकाणीं भाड्यांतच धरलेला असतो, आणि जेथें ऐन हिवाळ्यांत दिवसच्या दिवस सूर्य उगवत नाहीं तेथें ही लहानसहान बाब नव्हे. विजेचें बिल निराळें. कपडे धुण्याची खोली साऱ्या इमारतीस मिळून एक; तेथें आपली वेळ अगोदर नोंदवावी लागते, व दुसऱ्याच्या वेळेवर अतिक्रमण झाल्यास शेजारधर्मास तडा जातो.

खरा धोका आहे तो पोटभाडेकरूस. मूळ भाडेकरूस घर सोडावयाचें तर तीन महिन्यांची सूचना पुरते. मालकास मात्र सबळ कारणावांचून त्याला काढतां येत नाहीं. पोटभाडेकरूस असलें संरक्षण सलग दोन वर्षें राहिल्यावांचून लाभत नाहीं, आणि तेंही केवळ मूळ भाडेकरूविरुद्ध. मालकाची किंवा भाडेमंडळाची संमती घेतलेली नसेल तर मूळ करारच रद्द होऊं शकतो, व मग बिऱ्हाड उचलण्याची पाळी दोघांवरही येते. किल्ली हातीं घेण्यापूर्वीं संमतिपत्र डोळ्यांनीं पाहिलेलें बरें.

स्टॉकहोममध्यें पाळी येण्यास कित्येक वर्षें लागतात. उलट लोकवस्ती घटत चाललेल्या कांहीं गांवांत रिकामीं घरें पाडण्याची वेळ आली. किरुना हें खाणीचें शहर या दोहोंहून वेगळें. लोखंडाच्या खाणीमुळें जमीन खचूं लागल्यानें तेथील मध्यवस्ती सुमारें तीन किलोमीटर पूर्वेस हलविण्यांत येत आहे. नवी मध्यवस्ती २०२२ मध्यें खुली झाली. २०२५ च्या ऑगस्टांत तेथील भव्य लांकडी चर्च अखंड उचलून चाकांच्या वाहनांवरून नेण्यांत आलें. जुनी इमारत पाडली गेली म्हणजे भाडेकरूस नव्या इमारतींत जागा मिळते. परंतु नव्या घराचें उपयोगमूल्य अधिक, म्हणून भाडेंही चढें.