कोंबड्यांचे पाणी

वैशाखातील दुपारी नागपूरच्या रस्त्यांवर चिटपाखरू दिसत नाही, असे आपण म्हणतो. परंतु ही पाखरे जातात कोठे? काटोलच्या किंवा उमरेडच्या वाटेवरील एखाद्या शेतघरी तुम्ही भर दुपारी गेलात, तर तेथील कोंबड्या भिंतीच्या सावलीला निमूट उभ्या असलेल्या दिसतील. त्यांच्या चोची उघड्या असतात, पंख अंगापासून सैल सोडलेले असतात आणि गळ्याची कातडी सारखी थरथरत असते. पाहणाऱ्यास वाटते, की त्या आजारी आहेत. वस्तुतः त्या आपला जीव वाचविण्याच्या उद्योगात असतात.

आपल्याला उकडू लागले, की घाम येतो आणि तो वाळताना अंग निवते. कोंबडीच्या अंगावर घर्मग्रंथी नसतात, आणि वर पिसांचा अंगरखा! तिचे शरीरही आपल्यापेक्षा उष्ण, म्हणजे सुमारे ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते. हवा याहूनही तापली, की अंगातील उष्णता बाहेर टाकण्यास तिला मुख्यतः एकच मार्ग उरतो, तो म्हणजे धापा टाकणे. भराभर चालणाऱ्या श्वासाबरोबर घशातील व श्वासमार्गातील ओलाव्याची वाफ होते आणि ती वाफ अंगातील उष्णता घेऊन जाते. पण त्यासाठी अंगात पाणी हवे. एरवी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिणारी कोंबडी उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक पिते. ते न मिळाल्यास तिची अंडी कमी होतात, कवचे पातळ पडतात, आणि नवतप्यातील एखाद्या दुपारी ती दगावतेही. नागपुरास २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या धोक्याची कल्पना येईल.

पाणी नुसते असून भागत नाही. उन्हात ठेवलेल्या पत्र्याच्या भांड्यातील पाणी इतके तापते, की कोंबडी चोच बुडविते आणि मान फिरविते. भांडे भरलेले असते, तरी ती तहानलेलीच राहते.

कॅनडासारख्या थंड देशांत याच्या नेमकी उलट अडचण येते. तेथे हिवाळ्यात कोंबड्यांचे पाणी गोठून त्याचा दगड होतो. जेथे वीज नाही, तेथे पाळणारा मनुष्य गोठलेले भांडे उचलून कोमट पाण्याचे दुसरे ठेवतो, आणि दिवसातून अनेकदा ही ये-जा करतो. नागपुरास ही चिंता नाही. २९ डिसेंबर २०१८ रोजी येथे पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला, तरी शून्याला शिवला नाही. आपली लढाई उन्हाशी आहे. आणि शेतघराजवळ विजेची तार पोहोचली नसली, तरी तिच्यासाठी लागणारे साधन कुंभाराकडे तयार असते.

ते साधन म्हणजे साधे, बिनचकाकीचे मडके. भाजलेल्या मातीला असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाणी पाझरून बाहेर येते आणि कोरड्या वाऱ्याने त्याची वाफ होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते, आणि ती मुख्यतः मडक्याच्या आतील पाण्यातूनच ओढली जाते. हिशेब केला, तर पाच लिटर पाण्यापैकी ९० ग्रॅमसुद्धा उडून न जाता उरलेले पाणी दहा अंशांनी निवावे. प्रत्यक्षात बाहेरची उष्णता सारखी आत शिरत असल्याने पाणी याहून पुष्कळ अधिक उडते. म्हणून मडके सावलीत ठेवावयाचे.

आता कोंबडीने मडक्यात तोंड कसे घालावे? यासाठी एक गमतीची युक्ती आहे. मडक्याच्या काठाजवळ एक लहान भोक पाडावे. मडके पाण्याने काठोकाठ भरून त्यावर मातीची परळ झाकावी आणि दोन्ही घट्ट धरून उलटी करावीत. पाणी भोकातून परळात येऊ लागते. परंतु भोक बुडाले, की थांबते, कारण आत हवा शिरण्यास वाट उरत नाही आणि बाहेरील हवेचा दाब आतले पाणी तोलून धरतो. कोंबड्या पाणी पितात, भोक उघडे पडते, हवेचा एक बुडबुडा गुडगुडत वर जातो आणि तेवढेच पाणी खाली येते. भोक मात्र परळाच्या काठापेक्षा खाली हवे, नाहीतर सगळे पाणी अंगणात वाहून जाईल.

एखादा चौकस विद्यार्थी विचारील, की मडके सच्छिद्र आहे, तर हवा भिंतीतूनच आत का शिरत नाही? त्याचे कारण असे, की ती छिद्रे पाण्याने भरलेली असतात, आणि इतक्या बारीक छिद्रातील पाणी ढकलून आत जाणे हवेला जमत नाही. म्हणूनच मडके आदल्या रात्री भिजत घालावे लागते. कोरड्या मडक्यात हा खेळ फसतो. दुपारी त्यावर ओले पोते टाकले, तर भिंत वाळत नाही आणि पाणीही अधिक निवते. पिल्ले असतील, तर परळात चार गोटे टाकावे, म्हणजे ती बुडत नाहीत.

हेच मडके रत्नागिरीला नेले, तर पाणी एवढे गार होणार नाही. समुद्रकाठच्या हवेत आधीच बाष्प भरलेले असते, त्यामुळे तेथे वाफ सावकाश होते. नागपुरातही मृगाचा पाऊस सुरू झाला, की मडक्याचा गुण मंदावतो. पण तोवर कोंबड्यांची धापही ओसरलेली असते. जुन्या मडक्याचे असेच होते. विहिरीच्या पाण्यातील क्षार साचून त्याची छिद्रे बुजतात, ते पाझरेनासे होते आणि काथ्याने घासूनही फारसे सुधारत नाही. तेव्हा त्याचे तोंड फोडून मोठे करतात, आत पेंढा पसरतात, आणि खुडूक झालेल्या कोंबडीला अंडी उबविण्यासाठी त्यात बसवितात.