राउटरचे दिवे हिरवे, तरी शाखा ‘गायब’! काय असतं एनबीएमए नेटवर्क?

टेंभुर्णी : ‘लिंक नाही, थोडं थांबा’ हे वाक्य बँकेच्या काउंटरवर ऐकलं नाही असा खातेदार माढा तालुक्यात शोधूनही सापडायचा नाही. उसाचं बिल खात्यावर आलेलं असतं, पण हातात पडत नाही. बहुतेक वेळा कारण साधं असतं. केबल तुटते किंवा वीज जाते. कधी मात्र केबल शाबूत असते, राउटरचे दिवे हिरवे असतात आणि तरीही शाखा नेटवर्कवर दिसत नाही. अशा वेळी तपासायची एक जागा म्हणजे ‘नॉन-ब्रॉडकास्ट मल्टी-ॲक्सेस’, थोडक्यात एनबीएमए.

घोषणा की फोन?

बसस्थानकात पंढरपूरच्या गाडीची घोषणा एकदाच होते आणि सगळ्या फलाटांवर ऐकू येते. ऑफिसातलं लॅन असंच चालतं. हे झालं ब्रॉडकास्ट. आता ध्वनिक्षेपक बंद आहे आणि प्रत्येकाला वेगळा फोन लावायचा आहे असं समजा. ज्याचा नंबर वहीत नाही, त्याला निरोप नाही. एनबीएमए म्हणजे हेच. नेटवर्क एक, राउटर अनेक, पण सगळ्यांना एकदम हाक मारायची सोय नाही. जुनं एक्स.२५, फ्रेम रिले आणि एटीएम (पैसे काढायचं मशीन नव्हे, ‘असिंक्रोनस ट्रान्सफर मोड’) ही त्याची ठरलेली उदाहरणं.

गडबड कुठे होते?

रस्ते शोधण्यासाठी राउटर ओएसपीएफ हा प्रोटोकॉल वापरतात. त्याच्या आजही वापरात असलेल्या दुसऱ्या आवृत्तीचा सध्याचा दस्तऐवज एप्रिल १९९८ मध्ये आरएफसी २३२८ म्हणून प्रसिद्ध झाला. लॅनवर राउटर साधारण दर १० सेकंदांनी ‘हॅलो’ म्हणतो आणि शेजारी आपोआप सापडतात. एनबीएमएवर शेजाऱ्यांचे पत्ते हाताने भरावे लागतात. हॅलो सहसा ३० सेकंदांनी जातो आणि १२० सेकंद उत्तर आलं नाही की शेजारी ‘मेला’ असं धरलं जातं. म्हणजे बिघाड कळायलाच दोन मिनिटं जाऊ शकतात.

खरी मेख निवडणुकीत आहे. गटातून एक मुख्य राउटर निवडला जातो आणि बाकीचे त्याच्याशी माहिती जुळवतात. समजा, एखाद्या बँकेचं मुख्यालय सोलापुरात आहे आणि टेंभुर्णी, मोडनिंब, कुर्डुवाडी या शाखा फक्त सोलापूरशी जोडलेल्या आहेत. सगळ्यांचा अग्रक्रम सारखाच ठेवला, तर ज्याचा राउटर आयडी मोठा तो जिंकतो. टेंभुर्णी जिंकली, तर मोडनिंब आणि कुर्डुवाडीला तिच्याशी थेट बोलताच येत नाही. त्यांचे मार्ग यादीत येत नाहीत आणि शाखा ‘गायब’ होते.

सोलापूरचा अग्रक्रम नंतर वाढवूनही भागत नाही. निवडून आलेला मुख्य राउटर चालू असेपर्यंत खुर्ची सोडत नाही. (राजकारणाशी तुलना वाचकांनी आपापली करावी.) त्यामुळे शाखांचा अग्रक्रम शून्य ठेवतात. शून्यवाला उमेदवारच नसतो.

एवढं करूनही एक अडचण उरते. मोडनिंबकडे जाणारा डेटा टेंभुर्णीचा राउटर थेट मोडनिंबच्या पत्त्यावर पाठवू पाहतो, पण तशी जोडणीच नसते. म्हणून अनेक अभियंते नेटवर्कचा प्रकार ‘पॉइंट-टू-मल्टिपॉइंट’ करून टाकतात. त्यात निवडणूक होत नाही आणि वाट सोलापूरमार्गेच ठरते.

फ्रेम रिले गेलं, प्रश्न राहिला

आता शाखा ब्रॉडबँड किंवा ४जीवरून सुरक्षित बोगदे, म्हणजे व्हीपीएन, वापरतात. इंटरनेटवरही सगळ्यांना एकदम हाक मारता येत नाही, म्हणून हेही एनबीएमएच. इथे एनएचआरपी (आरएफसी २३३२, तोही एप्रिल १९९८ चा) कामी येतो. शाखा आपला सध्याचा पत्ता मुख्यालयात नोंदवते आणि दुसऱ्या शाखेला हवा असेल तेव्हा तो तिथून मिळतो. शाखेच्या राउटरमध्ये आधीपासून फक्त मुख्यालयाचा पत्ता भरलेला असावा लागतो. तोच चुकला असेल, तर दिवे हिरवेच राहतात आणि काउंटरवर पुन्हा तेच वाक्य ऐकू येतं.