रानातल्या कळपाला बाहेरची सोयरीक

टेक्सस राज्यातील अर्विंग शहरी आमच्या नातलगांचे बिऱ्हाड आहे. आपल्याकडचा पाहुणा तेथे गेला की त्याला दोन स्थळे दाखवितात. एक, २०१४ साली उभारलेला गांधीजींचा पुतळा. आणि दुसरे, विल्यम्स चौकातले ब्राँझचे नऊ घोडे. रॉबर्ट ग्लेन या शिल्पकाराचे हे रानटी घोडे १९८४ सालापासून चौकातला ओढा ओलांडीत आहेत. टापांखाली खरोखरीचे पाणी उडते, मुलांना मोठी मौज वाटते.

ब्राँझचे घोडे नऊ होते, नऊच राहतील. जिवंत कळपाचे तसे नसते. अर्विंगहून मोटारीने चार-पाच तासांवर, कॅप्रॉक कॅन्यन्स उद्यानात, बायसनांचा एक कळप आहे. बायसन म्हणजे सह्याद्रीतल्या आपल्या गव्याचा केसाळ भाऊबंदच म्हणा ना. त्या कळपाची हकिकत वाचकांस सांगावी असे मनात आले.

एके काळी अमेरिकेच्या माळरानावर कोट्यवधी बायसन चरत. कातड्यासाठी त्यांची अशी कत्तल झाली की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हजारभरही उरले नाहीत. त्या धामधुमीत, १८७८ साली, चार्ल्स गुडनाइट या टेक्ससच्या पशुपालकाने बायकोच्या आग्रहावरून थोडी वासरे धरून आणली. मेरी अ‍ॅन तिचे नाव. पोरके जीव वाचवा, एवढेच तिचे म्हणणे. त्या वासरांचा वंश पुढे शंभराहून अधिक वर्षे टिकला आणि १९९७ साली जेए रँचच्या मालकांनी तो कळप राज्य सरकारला दिला.

सगळ्यांना आनंद झाला. पण वासरे कमी होत आणि झालेली पुष्कळशी दगावत. चारा भरपूर, पाणी भरपूर, शिकारी कोणी नाही. मग खोड कोठे? टेक्सस ए अँड एम विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी कळपाची जनुके तपासली तेव्हा उलगडा झाला. सगळे एकमेकांचे जवळचे नातलग!

येथे थोडे शास्त्र सांगितले पाहिजे, वाचकांनी कंटाळू नये. प्रत्येक जीवाला बहुतेक जनुकांच्या दोन प्रती मिळतात, एक आईची, एक बापाची. कळप लहान असला की काही प्रती निव्वळ योगायोगाने पुढे जातच नाहीत. आपल्या एखाद्या लहान वस्तीत दहा आडनावे असतात. एका घरी मुलीच झाल्या, दुसऱ्या घरी मूलबाळ नाही, तिसरा परदेशी गेला. तीन पिढ्यांनी पाहावे तर चारच आडनावे उरलेली. कोणी कोणाचे वाईट केलेले नसते. जनुकांचेही असेच होते. शिवाय नात्यात नाते जुळत गेले की आई व बाप दोघांकडून एकच सदोष प्रत येण्याचा संभव वाढतो. आपल्या आज्या स्थळ पाहताना आधी कूळ-गोत्र का विचारीत, हे येथे आठवल्याशिवाय राहत नाही. त्यांच्या मनातली कारणे निराळी असतील, पण गोत्राचा नियम निदान एका बाजूचे जवळचे नाते टाळतो.

गणिताने असे दाखविले की बाहेरचे रक्त न आले तर हा कळप अर्धशतकाच्या आत जवळजवळ खात्रीने नष्ट होईल. म्हणून २००३ साली टेड टर्नर यांच्या न्यू मेक्सिकोतील कुरणातून तीन वळू आणले. बाहेरची सोयरीक झाली आणि कळप सावरला. २०११ पासून तो उद्यानात मोकळा फिरू लागला.

असाच उपाय टेक्ससच्या पुमा माद्यांनी त्याआधी फ्लोरिडात केला होता. तेथील पुमा वीस-तीसच उरले होते. शेपट्या वाकड्या, काहींच्या हृदयाला छिद्रे, नरांची वृषणे उतरलेली नाहीत. १९९५ साली पश्चिम टेक्ससातून आठ माद्या नेऊन तेथे सोडल्या. त्यांपैकी पाच व्यायल्या, पिल्ले धडधाकट निपजली आणि काही वर्षांत संख्या तिप्पट झाली. तेव्हा कित्येकांची हरकत होती, की अशाने फ्लोरिडाचा पुमा फ्लोरिडाचा राहणार नाही. हरकत अगदीच पोकळ नव्हती, कारण परके रक्त फार झाले तर स्थानिक वाण बुडू शकतो. म्हणून तर आठच माद्या नेल्या आणि उरलेल्या २००३ पर्यंत परत काढून घेतल्या. परंतु शुद्ध राहून मरण्यापेक्षा हे बरे, असे आमचे मत.

महाराष्ट्रात वळू वाहून न्यावे लागू नयेत अशी खटपट चालू आहे. मेळघाट, पेंच, कान्हा, सातपुडा येथील वाघांची विष्ठा गोळा करून शास्त्रज्ञांनी २०१३ साली दाखविले की हे वाघ रानवाटांनी अजून एकमेकांकडे जातात, परंतु रान तुटले तशी ही ये-जा घटली. पुढे नागपूर-सिवनी महामार्ग रुंद झाला तेव्हा पेंचजवळ रस्ताच उचलून खाली नऊ वाटा ठेवल्या. त्या वाटांवरच्या कॅमेऱ्यांत वाघही टिपले गेले आहेत.

आणि आपल्या मॉरिशसचे वटवाघूळ? लिची-आंबे खाते म्हणून २०१५ पासून सरकारी मोहिमांत हजारोंनी मारले गेले. २०१८ साली ते संकटग्रस्त जातींच्या यादीत गेले. बागाईतदारांचे नुकसान खोटे नाही, जाळ्या महाग आहेत. पण या वटवाघळासाठी वळू आणायला टेक्सस नाही, न्यू मेक्सिको नाही. रियुनियनवर तर ही जात अठराव्या शतकाच्या अखेरीसच नाहीशी झाली होती. अलीकडे तेथे पुन्हा थोडी वटवाघळे दिसू लागली आहेत. आपल्याच बेटावरून समुद्र ओलांडून गेलेली.