व्हर्च्युअल मशीनची डिस्क ‘फक्त वाचनीय’ कशी ठेवावी?

समजा, तुम्ही बंगळूरला जयनगरच्या चौथ्या ब्लॉकमध्ये खोली घेऊन राहता. तिघा मित्रांत लिनक्सचा एकच संगणक आहे. त्यावर क्यूईमूमध्ये चालणारे एक व्हर्च्युअल मशीन असून प्रॅक्टिकलसाठी लागणारे कंपायलर, डेटाबेस त्यात नीट बसवलेले आहेत. परीक्षेच्या आदल्या रात्री कोणी चुकून त्यातले काही पुसले तर? ते टाळायचे कसे, हे या पाठात पाहू.

आतून लावलेले कुलूप

युनिक्समध्ये प्रत्येक फाइलीवर मालक, गट आणि इतर यांच्यासाठी वेगवेगळ्या परवानग्या असतात. वाचन म्हणजे ४, लेखन २ आणि चालवणे १. सीएचमॉड आज्ञेने ४४४ दिले की सर्वांना फक्त वाचन उरते. पण रूट या वापरकर्त्याला हे बंधन लागू होत नाही. फाइलप्रणाली ‘फक्त वाचनीय’ म्हणून माउंट केली, तरी रूट ती पुन्हा लेखनासाठी माउंट करू शकतो. म्हणजे मशीनच्या आत जो रूट होईल, त्याच्या हातात किल्ली असतेच.

बाहेरून लावलेले कुलूप

आता बाहेरून पाहा. मशीनची अख्खी डिस्क म्हणजे यजमान संगणकावरची एक साधी फाइल. क्यूईमू तुमच्या साध्या खात्यातून चालत असेल, तर आतल्या रूटलाही त्या फाइलीवर तुमच्याइतकेच अधिकार मिळतात. म्हणून:

१. मशीन बंद करा.
२. डिस्कच्या फाइलीची मालकी यजमानावरील रूटकडे द्या. मालक तुम्हीच राहिलात, तर परवानगी केव्हाही परत बदलता येईल.
३. फाइलीला ४४४ परवानगी द्या.
४. ती ज्या डिरेक्टरीत आहे, तिची मालकीही रूटकडे देऊन इतरांची लेखन-परवानगी काढा. फाइल पुसण्याचा अधिकार फाइलीवरून नव्हे, डिरेक्टरीवरून ठरतो.
५. क्यूईमू स्नॅपशॉट पर्यायासह सुरू करा. एरवी ते फाइल लेखनासाठी उघडू पाहील आणि परवानगी नाकारली जाईल. या पर्यायात सर्व बदल तात्पुरत्या फाइलीत जातात आणि मशीन बंद होताच नाहीसे होतात.

लक्षात ठेवा, तुम्ही आत लिहिलेला प्रोग्रामही त्याबरोबर जाईल. तो यजमानावर साठवा.

करून पाहा

मशीनमध्ये रूट होऊन एक फाइल पुसा. मशीन बंद करून पुन्हा सुरू करा. फाइल जागेवर दिसली, तर स्नॅपशॉट पर्याय नीट काम करत आहे.