खाडीपलीकडचं गाव

दाभोळच्या जेटीवर उभं राहिलं की समोर धोपावे स्वच्छ दिसतं. मधे फक्त वाशिष्ठीची खाडी. माणूस पूर्वीही तरीतून पलीकडे जायचा; मोटारीला मात्र खेड-चिपळूणचा वळसा घालूनच गुहागर तालुका गाठावा लागे. २००३ मध्ये इथे फेरीबोट सुरू झाली आणि मोटारी, दुचाक्या खाडी ओलांडू लागल्या. तवसाळ-जयगड आणि वेसवी-बागमांडला इथेही आता अशीच सोय आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातलं अंतर नकाशावर पट्टी ठेवून मोजता येत नाही. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी या नद्या सह्याद्रीतून उतरतात आणि किनारा जागोजाग चिरतात. घाटावर चढायचं तर कोल्हापूरकडे आंबा घाट, कराडकडे कुंभार्ली.

म्हणूनच मुंबईची जुनी वाट समुद्रातून होती. आगबोट बंदरापासून दूर नांगर टाकायची आणि उतारूंना पडावातून किनाऱ्यावर आणलं जाई. पावसाळ्यात तेही बंद. त्या बोटी गेल्या, पण ‘बोट लागणं’ भाषेत राहिलं. आता घाटात एसटी लागते, एवढाच फरक.

युरोपातला मॉन्टेनिग्रो हा चिमुकला देश पाहिला तर कोकणी माणसाला ओळखीचं बरंच सापडेल. मागे डोंगर, पुढे समुद्र, आणि कोटोरच्या आखाताचा वळसा वाचवायला कामेनारी ते लेपेताने अशी फेरीबोट. १९७६ मध्ये तिथलं बार बंदर रेल्वेने बेलग्रेडला जोडलं गेलं. त्या मार्गावरचा माला रियेका पूल दरीपासून १९८ मीटर उंच आहे.

आपला कोकण रेल्वेवरचा पानवलचा पूल ६४ मीटर उंचीचा. आकडा लहान वाटेल, पण रत्नागिरीजवळच्या त्या दरीत तो बांधण्याची रीत भारतात नवी होती. पुलाचा वरचा भाग एका काठावर ओतायचा आणि तुकड्यातुकड्याने पुढे ढकलत खांबांवर न्यायचा. जवळच करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आहे. १९९० मध्ये ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली कोकण रेल्वे महामंडळ उभं राहिलं आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्गावर गाडी धावली. पाऊस मात्र अजून बोटींच्या काळासारखाच हुकूम चालवतो. २००३ आणि २००४ च्या पावसाळ्यातल्या भीषण अपघातांनंतर दरडींवर जाळ्या आल्या, गस्त वाढली. पावसाळी वेळापत्रकात गाड्या आजही सावकाश धावतात.

रेल्वेने किनारा टाळला आणि आतली वाट धरली. त्यामुळे चाकरमानी स्टेशनात उतरला तरी घरी पोचलेला नसतो. केशवसुतांच्या कवितेवरून गाडीचं नाव ‘तुतारी एक्सप्रेस’ ठेवलं, पण त्यांच्या मालगुंडला रूळ नाहीत. रत्नागिरीला उतरून पुढे रस्त्यानेच जायचं. जिल्ह्याचं जाळं खरं विणते ती एसटी, त्यातही गावात मुक्काम करून पहाटे निघणारी वस्तीची गाडी.

सागरी महामार्गासाठी खाड्यांवर मोठे पूल आखले आहेत. कोटोरच्या आखातावरच्या पुलाचीही चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. तोवर दाभोळला शेवटची फेरी चुकली, तर गाडी पुन्हा चिपळूणच्या वाटेला लागते.