मदतीची कळ

(संगणकावर प्रोग्राम लिहिताना चुका होतातच. त्या दुरुस्त करण्यासाठी लागणारी बरीचशी माहिती त्याच संगणकात असते. ती कोठे असते, कशी शोधावी आणि कशी वाचावी, हे प्रस्तुत पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, असा प्रसंग तुमच्यावर कधी आला आहे का? संगणकाचा आठवड्यातून एकच तास. एका संगणकापुढे तिघे बसलेले. तुम्ही प्रोग्राम लिहिता, तो चालवता आणि पडद्यावर लाल अक्षरांत चार-पाच इंग्रजी ओळी येतात. तुम्ही हात वर करता. पण सर खोलीच्या दुसऱ्या टोकाला असतात आणि त्यांच्याभोवती आधीच पाच-सहा मुले उभी असतात. तास संपायला दहा मिनिटे उरलेली असतात. मग तुम्ही खिडकी बंद करता आणि पुढच्या आठवड्याची वाट पाहता. एका लहानशा चुकीपायी सात दिवस वाया जातात.

हे सात दिवस वाचवता येतात. त्यासाठी खूप इंग्रजी यावे लागत नाही. आपण ज्या जागी बसून काम करतो, ती जागा नीट ओळखावी लागते.

सुतार रंधा, करवत आणि पटाशी हाताशी ठेवून कामाला बसतो. प्रोग्राम लिहिणाऱ्यालाही अशी अवजारे लागतात. लिहायला एक, लिहिलेले चालवायला दुसरे, चूक शोधायला तिसरे. पूर्वी ही अवजारे वेगवेगळी असत आणि माहितीसाठी जाड छापील पुस्तक उघडावे लागे. १९८३ मध्ये बोर्लंड या कंपनीने 'टर्बो पास्कल' बाजारात आणले. त्यात प्रोग्राम लिहिणे आणि तो तपासणे एकाच जागी होऊ लागले. पुढे याच कंपनीच्या 'टर्बो सी'चा निळा पडदा महाराष्ट्रातील कितीतरी महाविद्यालयांत अनेक वर्षे दिसत असे. त्या पडद्यावर एखाद्या शब्दावर जाऊन कंट्रोल आणि एफ-१ या कळा दाबल्या, की त्या शब्दाची माहिती लगेच समोर येई.

आज शाळांमध्ये 'पायथॉन' ही भाषा शिकवतात. गिडो व्हॅन रॉसम यांनी ती तयार केली आणि १९९१ मध्ये लोकांपुढे ठेवली. पायथॉनबरोबर 'आयडल' नावाची कामाची जागा मिळते. तिच्यासाठी वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत. आपण तिचीच ओळख करून घेऊ.

आयडल उघडले, की प्रथम 'शेल' नावाची खिडकी दिसते. येथे एक ओळ लिहून एंटर दाबले, की उत्तर लगेच मिळते. शेल म्हणजे तुमची पाटी. लिहा, पाहा, पुसा. मोठा प्रोग्राम मात्र वहीत लिहावा. कंट्रोल आणि एन या कळा दाबल्या, की कोरी वही उघडते. तिला 'एडिटर' म्हणतात. त्यात लिहून एफ-५ दाबले, की आयडल आधी फाईल जतन करायला सांगते आणि मग प्रोग्राम चालवते. नवखी मुले पुष्कळदा पाटी आणि वही यांत गोंधळ करतात. सगळा प्रोग्राम पाटीवर लिहितात आणि खिडकी बंद झाल्यावर तो हरवला म्हणून रडतात.

खिडकीच्या वरच्या बाजूला फाईल, एडिट, ऑप्शन्स, हेल्प असे शब्द ओळीने दिसतात. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) हे दरवाजांचे शहर म्हणून प्रसिद्ध आहे. दिल्ली दरवाजा, भडकल दरवाजा, मक्का दरवाजा अशी नावे तुम्ही ऐकली असतील. कोणत्या दरवाजाने कोठे जायचे, हे एकदा कळले की शहरात माणूस चुकत नाही. येथेही तसेच आहे. फाइलीचे काम 'फाईल'मध्ये, मांडणीतील बदल 'ऑप्शन्स'मध्ये आणि मदत 'हेल्प'मध्ये. पहिल्या दिवशी प्रत्येक दरवाजा उघडून आत डोकावून पाहा. नुसते पाहिल्याने काही बिघडत नाही.

आता 'ऑप्शन्स' उघडा. त्यात 'कॉन्फिगर आयडल' असे लिहिलेले असते. तेथे अक्षरांचा आकार वाढवता येतो. एका संगणकापुढे तिघे बसत असाल, तर मागच्यालाही दिसेल एवढा आकार ठेवा. त्या ठिकाणी अक्षरांचा एक नमुना दाखवलेला असतो. त्यात रोमन अक्षरांबरोबर अरबी आणि देवनागरी अक्षरेही आढळतात. एडिटरच्या 'ऑप्शन्स'मध्ये ओळींचे क्रमांक दाखवण्याची सोय आहे. ती अवश्य चालू करा, कारण चूक कितव्या ओळीत आहे हे संगणक क्रमांकानेच सांगतो. मात्र एक लक्षात ठेवा. 'कॉन्फिगर आयडल'मध्ये केलेले बदल संगणकाच्या खात्यात जतन होतात. शाळेत सर्वांचे खाते एकच असेल, तर तुम्ही केलेला बदल पुढच्या वर्गालाही दिसेल. म्हणून जाताना मांडणी होती तशी करून ठेवावी.

आयडलमध्ये शब्द निरनिराळ्या रंगांत दिसतात. हे रंग शोभेसाठी नाहीत. पायथॉनचे राखीव शब्द नारिंगी, 'प्रिंट'सारखे तयार शब्द जांभळे आणि अवतरणातील मजकूर हिरवा असतो. 'प्रिंट' लिहिले आणि ते जांभळे झाले नाही, तर समजा, काहीतरी चुकले. बहुधा पहिले अक्षर मोठ्या लिपीत पडलेले असते. उर्दूत किंवा मराठीत लहान आणि मोठे असे अक्षरांचे दोन प्रकार नाहीत, म्हणून ही चूक आपल्या हातून सहज होते. पायथॉन मात्र या दोन अक्षरांना वेगळे मानते.

आता मदतीकडे वळू. 'मदत' हा शब्द तुम्हांला नवा नाही. उर्दूतील 'मदद' मराठीत 'मदत' होऊन नांदते आहे. आयडलमध्ये ती तीन ठिकाणी मिळते. पहिली जागा लाल अक्षरांतील संदेश, दुसरी 'हेल्प' ही आज्ञा आणि तिसरी एफ-१ ही कळ.

एक उदाहरण घेऊ. बीबी-का-मकबरा तुम्ही पाहिला असेल. आत कबरीभोवती संगमरवराची अष्टकोनी जाळी आहे. समजा, तुम्हांला विज्ञान प्रदर्शनासाठी संगणकावर अष्टकोन काढायचा आहे. पायथॉनमध्ये 'टर्टल' म्हणजे कासव नावाचे एक मोड्यूल आहे. मोड्यूल म्हणजे तयार आज्ञांचा संच. हे कासव पडद्यावर चालते आणि मागे रेघ सोडते. 'इम्पोर्ट टर्टल' असे लिहून त्याला बोलवायचे. मग 'टर्टल.फॉरवर्ड(१००)' म्हणजे शंभर पावले पुढे आणि 'टर्टल.राइट(४५)' म्हणजे ४५ अंश उजवीकडे वळ. हे आठ वेळा केले, की अष्टकोन पूर्ण होतो, कारण ३६० भागिले ८ म्हणजे ४५. (या आज्ञा संगणकावर लहान रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत लिहायच्या आहेत. येथे त्यांचे उच्चार दिले आहेत.)

'राइट' या आज्ञेला काय सांगावे लागते, हे विसरलात तर? प्रथम शेलमध्ये 'इम्पोर्ट टर्टल' आणि नंतर 'हेल्प(टर्टल.राइट)' लिहा. यासाठी इंटरनेट लागत नाही. पडद्यावर इंग्रजी मजकूर येईल. तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचू नका. आधी खाली दिलेले उदाहरण पाहा. मग पहिले वाक्य वाचा. आकडे आणि आज्ञा यांवरूनच अर्धा अर्थ कळतो. उरलेल्या मजकुरात ठरावीक शब्दच पुन्हा पुन्हा येतात. 'आर्ग्युमेंट' म्हणजे कंसात द्यायची गोष्ट. 'रिटर्न' म्हणजे आज्ञेने परत दिलेले उत्तर. 'डिफॉल्ट' म्हणजे आपण काही सांगितले नाही तर धरले जाणारे मूल्य. 'एलियस' म्हणजे उर्फ. 'राइट उर्फ आरटी' असे तेथे लिहिलेले असते. असे दहा-बारा शब्द वहीत उतरवून त्यांपुढे उर्दू व मराठी अर्थ लिहा. एवढ्या भांडवलावर बरेच दिवस काम चालते.

आता लाल अक्षरांकडे या. त्यांना घाबरू नका. हा संदेश खालून वर वाचायचा असतो. शेवटच्या ओळीत चूक काय ते लिहिलेले असते आणि तिच्या वर फाइलीचे नाव व ओळीचा क्रमांक असतो. पायथॉनची ३.१० ही आवृत्ती २०२१ मध्ये आली. तेव्हापासून शब्दात अक्षरे उलटसुलट झाली, तर 'तुम्हांला हा शब्द म्हणायचा होता का?' असेही संगणक विचारतो.

पण कधी कधी प्रत्येक अक्षर बरोबर असूनही प्रोग्राम चालत नाही. समजा, तुम्ही वरचा प्रोग्राम लिहिला आणि फाइलीला 'टर्टल' हेच नाव दिले. नाव सोपे आणि शोभणारे आहे. एफ-५ दाबताच लाल संदेश येतो: टर्टलमध्ये 'फॉरवर्ड' नावाचे काहीच नाही! काल तर ते होते. मग आज कासव कोठे गेले?

याचे उत्तर समजण्यासाठी पाणचक्की आठवा. दूरच्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून तेथपर्यंत आणले आहे. उंचावरून पडणाऱ्या त्या पाण्याने चाक फिरे आणि यात्रेकरूंसाठी धान्य दळले जाई. पाण्याची वाट ठरलेली होती. ती वाट चुकली असती, तर जाते कितीही चांगले असले तरी फिरले नसते. पायथॉनची शोधण्याची वाटही अशीच ठरलेली आहे. 'इम्पोर्ट टर्टल' म्हटले, की ते आधी तुमच्या प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये पाहते आणि नंतर स्वतःच्या ग्रंथालयात. तुमच्या फोल्डरमध्ये 'टर्टल' नावाची फाईल दिसताच ते तेथेच थांबते. ती फाईल तुमचीच असते आणि तिच्यात 'फॉरवर्ड' कोठून असणार?

संदेश नीट वाचला असता, तर ही गोष्ट त्यातच दिसली असती. त्यात ग्रंथालयाच्या नव्हे, तर तुमच्याच फोल्डरमधील फाइलीचे नाव असते. 'फाईल'च्या यादीत 'पाथ ब्राउझर' आहे. तो उघडला, की पायथॉन कोठे कोठे शोधते हे दिसते. उपाय अगदी साधा आहे. फाइलीचे नाव बदलून 'जाली' किंवा 'अष्टकोन' असे ठेवा. कासव परत येते.

एफ-१ दाबले, की पायथॉनची संपूर्ण माहिती उघडते. तो एक मोठा ग्रंथ आहे. आपण शब्दकोश सलग वाचत नाही. हवा तो शब्द शोधतो. तसेच येथे करावे. 'हेल्प'च्या यादीत 'टर्टल डेमो' नावाची तयार चित्रेही आहेत. ती पाहा, त्यांचा प्रोग्राम नव्या फाइलीत उतरवा, त्यातील आकडे बदला आणि काय होते ते पाहा.

मित्रांनो, मग सरांना विचारायचेच नाही का? जरूर विचारायचे. पण 'सर, चालत नाही' असे म्हणण्याऐवजी 'सर, सातव्या ओळीत ही चूक दाखवते आहे, मी हे करून पाहिले' असे म्हणा. सरांना दोन मिनिटांत उत्तर देता येईल आणि वाट पाहणाऱ्या दुसऱ्या मुलाचीही पाळी येईल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या आवारात 'नायलिट' ही केंद्र सरकारची संस्था संगणकाचे शिक्षण देते. उद्या तुमच्यापैकी कोणी तेथे जाईल, कोणी आणखी दूर जाईल. तेथील भाषा आणि यंत्रे नवी असतील. पण संदेश वाचणे, वाट शोधणे आणि नेमका प्रश्न विचारणे ही सवय तेथेही उपयोगी पडेल.

शब्दार्थ
कळ – बटण. रंधा – लाकूड गुळगुळीत करण्याचे अवजार. पटाशी – लाकूड तासण्याचे अवजार. जतन करणे – सांभाळून ठेवणे. अवतरण – शब्दांना लावलेले दुहेरी किंवा एकेरी चिन्ह. भांडवल – पुंजी. आवृत्ती – नवे रूप. आवार – परिसर.

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) शेल आणि एडिटर यांना पाठात कशाची उपमा दिली आहे?
(आ) लाल अक्षरांतील संदेश कोणत्या दिशेने वाचावा?
(इ) अष्टकोन काढताना कासवाला किती अंश वळवावे लागते?

२. कारणे लिहा.
(अ) ओळींचे क्रमांक चालू ठेवावेत.
(आ) फाइलीला 'टर्टल' हे नाव देऊ नये.

३. 'मदत' या शब्दाप्रमाणे उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत असलेले पाठातील चार शब्द शोधा व वाक्यांत उपयोग करा.

४. उपक्रम : कासवाकडून षटकोन काढून घ्या. किती अंश वळावे लागेल, ते आधी वहीत गणित करून ठरवा.