पितळी कडं आणि नांदेड–लातूरचा रस्ता

आपण गिअर बदलतो तेव्हा गिअरबॉक्समधले गिअर जागचे हलतच नाहीत. पुढे नेणाऱ्या सगळ्या दातेरी चाकांच्या जोड्या कायम एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि गाडी धावत असताना सगळ्या एकाच वेळी फिरत असतात. फरक इतकाच, की प्रत्येक जोडीतलं एक चाक शाफ्टवर मोकळं असतं. आपल्या हातातली दांडी एक स्लीव्ह सरकवते आणि ती त्यांतल्या एकाच मोकळ्या चाकाला शाफ्टशी जखडते. तो झाला आपला तिसरा, चौथा किंवा पाचवा.

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ घ्या. गोदावरीकाठावरून निघून बालाघाटाच्या पठारावर, शेकडो फूट वर चढायचं. अंतर सुमारे १४० किलोमीटर. तेवढ्यात छोट्या कारचं चाक सत्तर हजारांहून अधिक वेळा फिरतं. पाचव्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे साधारण तीन फेरे होतात, म्हणजे इंजिनाचे दोन लाखांहून जास्त झाले! पहिल्या गिअरमध्ये हेच प्रमाण चौदाच्या आसपास जातं. इतक्या फेऱ्यांत दातावर दात घासून पीठ कसं होत नाही?

दाताच्या आकारात याचं अर्धं उत्तर आहे. गोल रिळावर गुंडाळलेला दोरा ताणून उलगडत नेला की त्याचं टोक जी वक्ररेषा काढतं, तीच दाताच्या अंगाची रेषा. अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञानं ती गिअरसाठी अभ्यासली. या रेषेमुळे एका दाताकडून दुसऱ्याकडे जोर जाताना वेगात हिसका बसत नाही. शिवाय दातांची संख्याही पुष्कळदा हिशेबानं ठरवलेली असते. लहान चाकाला १५ आणि मोठ्याला ६१ दात असतील, तर एकदा भेटलेले दोन दात लहान चाकाच्या ६१ फेऱ्यांनंतरच पुन्हा भेटतात. झीज एका जागी साचत नाही, सगळ्यांत वाटली जाते. मला हा हिशेब फार सुंदर वाटतो.

उरलेलं अर्धं उत्तर तेलात आहे आणि एका पितळी कड्यात.

चालत्या एसटीत चढणारा माणूस आधी तिच्या बरोबरीनं धावतो, मगच दांडी पकडतो. स्लीव्ह आणि मोकळं चाक यांचंही तसंच आहे. त्यांचे वेग जुळल्याशिवाय जोडायला गेलं की दातांची टक्कर होते आणि ‘खर्र’ आवाज येतो. जुन्या ट्रकवरचे ड्रायव्हर डबल क्लच मारायचे ते हे वेग पायानं जुळवण्यासाठी. अमेरिकेत अर्ल थॉम्पसन यांनी हे काम यंत्राकडे सोपवलं. १९२८ साली कॅडिलॅकच्या गाड्यांत ती सोय पहिल्यांदा आली. ते पितळी कडं म्हणजेच मिस्त्री जिला सिंक्रोनायझर रिंग म्हणतात ती. तिच्या आतल्या अंगावर बारीक खाचा असतात. त्या चाकाच्या निमुळत्या भागावरचा तेलाचा पातळ थर कापतात, पितळ पोलादाला घासतं आणि क्षणार्धात दोन्ही वेग एक होतात. वेग जुळेपर्यंत हे कडं किंचित वळून स्लीव्हची वाटच अडवून धरतं. दांडी टाकताना हाताला जाणवणारा तो सूक्ष्म अडथळा म्हणजे कड्याचा नकार. तो संपेपर्यंत थांबणं हीच गिअरबॉक्सची सगळ्यात मोठी काळजी. तळव्यानं ठोसून गिअर घालणारा चालक रोज थोडंथोडं पितळ झिजवत असतो.

क्लच पूर्ण दाबला की इंजिन वेगळं होतं. मग कड्याला फक्त क्लचप्लेट, एक शाफ्ट आणि त्याला गुंतलेली चाकं एवढ्यांचाच वेग बदलावा लागतो. पेडल अर्धंच दाबलं तर त्या कड्याला अख्ख्या इंजिनाशी झुंजावं लागतं. अहमदपूरकडे जाताना उसानं भरलेल्या ट्रॉलीला ओलांडायला घाईनं चौथ्यातून तिसरा टाकतो, तेव्हा नेमकी हीच चूक होते. आणि बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला असं कडंच नसतं, म्हणून गाडी पूर्ण थांबल्यावर क्लच दाबून क्षणभर थांबावं, मगच रिव्हर्स टाकावा. दांडीवर हात टेकवून गाडी चालवण्याची सवयही सोडावी. त्या दाबानं स्लीव्ह सरकवणारा आतला फोर्क फिरत्या स्लीव्हवर घासत राहतो.

माळेगावची खंडोबाची यात्रा भरते तेव्हा याच महामार्गावर गाड्या मुंगीच्या पावलानं सरकतात. इथे मरते ती क्लचप्लेट. हाफ क्लचवर गाडी धरली की प्लेट घसरत राहते, तापते, जळका वास येतो. पुढे दोन-तीन गाड्यांची जागा होऊ द्यावी आणि मगच पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून सरकावं. क्लचचं पेडल नसलेल्या एएमटी गाड्यांनाही हे लागू आहे. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओनं ही सोय आपल्याकडे स्वस्तात आणली, पण आत गिअरबॉक्स आणि क्लचप्लेट नेहमीचीच असते, दाबणारा पाय तेवढा यंत्राचा. चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी रोखून धरली की तीही प्लेट जळते. परतीच्या उतारावर पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करू नये. आजच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाचं इंधन जवळजवळ बंदच करतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं आणि इंजिनाचा ब्रेकही हातचा जातो.

आता तेल. छोट्या कारच्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये ते दोनेक लिटरच असतं आणि बहुतेकदा त्याला फिल्टरही नसतो. झिजलेलं सगळं त्यातच राहतं. नांदेडचा मे महिना ४२ अंशांपुढे जातो आणि तेल जितकं तापेल तितकं लवकर विटतं. डब्यावर ‘जीएल-४’ आहे की ‘जीएल-५’ हे जरूर वाचावं. ‘५’ मोठा म्हणून चांगला असं नाही. त्यात गंधक-फॉस्फरसची रसायनं जास्त असतात. त्यांतली काही पितळाला खातात आणि ते तेल इतकं निसरडं असू शकतं की कड्याला पकडच मिळत नाही. गाडीच्या पुस्तिकेत जे लिहिलंय तेच घालावं.

पावसाळ्यात ओढ्याच्या पुलावरून पाणी जात असेल तर थांबा. जिवाचा धोका तर आहेच. शिवाय गिअरबॉक्सला वरून श्वास घ्यायची बारीक नळी असते. तापलेली पेटी पाण्यात शिरून एकदम गार झाली की आतली हवा आकसते आणि बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. असं पाणी शिरलेलं तेल दुधाळ दिसतं. ते लगेच बदलावं, नाहीतर बेअरिंगला गंज धरतो.

तेल बदलताना मिस्त्रीजवळ उभं राहा आणि ते पांढऱ्या भांड्यात काढायला सांगा. निचऱ्याच्या बोल्टवर बहुधा चुंबक असतो. त्यावर मऊ राखाडी लगदा असेल तर काळजी नाही, ती पोलादाची नेहमीची झीज. बोटाला टोचणारे तुकडे मिळाले तर एखादा दात तुटतोय. पितळ मात्र चुंबकाला चिकटत नाही, म्हणून भांडं उन्हात तिरकं धरून तेलच बघावं लागतं. त्यात दाट सोनेरी चमक तरंगत असेल आणि गिअर टाकताना खरखरही होत असेल, तर पेटी उघडून कडी बदलून घ्या. दात शाबूत आहेत तोवर हे काम पुष्कळ स्वस्तात होतं.